दया अहमदाबादला गेली आहे

आई पुण्यात माझ्याकडे राहायला आली की रात्रीचं जेवण ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’बरोबर होतं. टीव्ही घेतलेला नाही, त्यामुळे तांब्याला टेकवलेला माझा फोन आणि त्यावर युट्यूब. मी सवयीनं वर दिसेल तो एपिसोड लावायला जातो आणि आई म्हणते, “तो नको रे, दयावाला लाव.” आमच्या घरात या मालिकेचे दोनच कालखंड आहेत. दयावाला आणि नंतरचा.

मालिका जुलै 2008मध्ये सब टीव्हीवर सुरू झाली. दयाबेन करणाऱ्या दिशा वकानी 2017मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांनी का यायचं नाही ठरवलं हा त्यांचा प्रश्न आहे, त्यात मला शिरायचं नाही. मला मालिकेनं काय केलं ते बघायचंय. कारण तोवर आणि त्यानंतर गोकुळधाममधली निम्मी माणसं बदलली. टप्पू बदलला, अंजलीभाभी बदलली, सोढी बदलला, खुद्द तारक मेहता बदलले. 2018मध्ये कवी कुमार आझाद वारले, तर डॉ. हाथी दुसऱ्या नटाकडे गेले. आपण थोडी कुरकुर केली आणि नवे चेहरे चालवून घेतले. दयाच्या जागी मात्र हे लिहीपर्यंत कुणीही आलेलं नाही. कथेत ती माहेरी, अहमदाबादला आहे. अजून तिथेच आहे.

या माहेरात आधीपासून एक बाई राहते, जिचा चेहरा आपण कधीच पाहिलेला नाही. दयाची आई. तिचा फोन येतो, ती जावयाला दरवेळी नवं विशेषण चिकटवते आणि जेठालालचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं. आमच्या धंद्याच्या भाषेत ही बाई म्हणजे नुसता इंटरफेस आहे. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही, पण कॉल गेला की परिणाम होतो. सासू कशी आहे हे आपल्याला दिलीप जोशींच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि तेवढं पुरतं. न दिसणाऱ्या पात्राचा करार पहिल्या दिवसापासून स्वच्छ असतो: हिला आम्ही दाखवणार नाही, तुम्ही कल्पना करा.

अमेरिकन सिटकॉमवाल्यांनी या करारावर भरपूर विनोद कमावलाय. ‘फ्रेझर’मध्ये (1993 ते 2004) नाइल्सची बायको मॅरिस कधीच दिसत नाही. काही भागांनंतर तिला दाखवायचं असा लेखकांचा आधी विचार होता म्हणे. पण तोवर तिची वर्णनं अशी काही वाढली की त्यात बसेल अशी हाडामांसाची नटी मिळणंच शक्य नव्हतं. (या न दिसणाऱ्यांत बायका आणि आयाच जास्त का, हा एक वेगळा लेख आहे.)

दुसरा प्रकार दिसून नाहीसं होणाऱ्यांचा. 1974मध्ये सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’मध्ये कनिंगहॅम कुटुंबाला तीन मुलं होती. दुसऱ्या सीझननंतर थोरला चक गायब झाला. कुणी चौकशी केली नाही. 1984च्या शेवटच्या भागात बाप आपल्या दोन मुलांबद्दल बोलतो. इतका साळसूदपणा की तिकडे अशा गायब होण्याला चकचंच नाव पडलं.

दयाचं जे झालं ते या दोन्हींपेक्षा विचित्र आहे. ती दिसत होती, मग तिला न दिसणाऱ्यांच्या घरात पाठवलं. ती फोनच्या पलीकडच्या बाजूला गेली, जिथे तिची आई होती. आणि ते चालत नाही, कारण मॅरिसला कधी शरीर नव्हतं, दया मात्र नखशिखांत शरीरच होती. तो आवाज, ते ‘हे माँ, माताजी!’, निमित्त मिळताच सुरू होणारा गरबा. नऊ वर्षं आपल्याला तिला बघायची सवय लावली आणि मग सांगितलं, आता कल्पना करा.

बरं, सांगितलंही नाही. येणार, येणार, एवढंच चालू ठेवलं. 2023च्या अखेरीस तर दिवाळीला दया येणार म्हणून अख्ख्या सोसायटीनं स्वागताची तयारी केली आणि ती आली नाही. जेठालाल कोसळला, प्रेक्षक भडकले. बहिणीला आणायचं वचन देणाऱ्या सुंदरचं काम करणारे मयूर वकानी हे दिशांचे सख्खे भाऊ आहेत, हे आठवलं की तो प्रकार आणखीच अवघड वाटतो.

‘बिग बँग थिअरी’मध्ये हॉवर्डच्या आईचा फक्त आरडाओरडा ऐकू यायचा, चेहरा नाही. तो आवाज देणाऱ्या कॅरल अ‍ॅन सूझी नोव्हेंबर 2014मध्ये वारल्या. आवाजच तर होता, दुसरा आणता आला असता. त्यांनी ते पात्रही मारलं. नंतरच्या एका भागात वीज जाते, आईच्या फ्रीझरमधलं तिच्या हातचं अन्न खराब होणार असतं, म्हणून सगळे मित्र एकत्र बसून ते संपवतात. जी बाई कधी धड दिसलीच नाही तिला निरोप मिळाला.

मला हे इतकं का लागलंय, तर माझ्या टीममधली एक सीनियर अशीच रजेवर गेली. मला कोड वाचायला तिनं शिकवलं. ती परत आली नाही. निरोपाचं मेल नाही, केक नाही, काही नाही. आठ महिने प्रत्येक बदलाला आपोआप तिची मंजुरी मागितली जायची आणि आम्ही ती ओलांडून पुढे जायचो. एका नव्या मुलानं विचारलं, ही कोण? मी म्हणालो, रजेवर आहे. तोवर तिनं राजीनामा दिल्याचं मला माहीत होतं. पण ‘रजेवर’ म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. ती का गेली, आपण फोन का केला नाही, वगैरे.

‘अहमदाबादला आहे’ हे तसंच वाक्य आहे. गडांच्या घरात आता तीन पिढ्यांचे तीन पुरुष राहतात. या मालिकेला त्या रिकामेपणातून काय काय लिहिता आलं असतं! चंपकलाल एकदा तरी मुलाला विचारेल की, बाबा रे, नक्की झालं काय? पण विचारलं तर उत्तर लिहावं लागेल, आणि उत्तर दिलं तर ‘येणार’ म्हणता येणार नाही.

अजूनही एका एपिसोडचं काम आहे. जेठालालनं अहमदाबादला जावं. सासूचा चेहरा नेहमीप्रमाणे दाखवू नका. दयाचाही नको. बंद दाराबाहेर एक खुर्ची ठेवा आणि दिलीप जोशींना वीस मिनिटं त्या दाराशी बोलू द्या.