तरंगणाऱ्यांची बाजू

आमच्या नागभीडकडे सूप म्हटले की पाखडायचे सूप. धान घोळायचे, पोचट उडवायचे, भरलेले ठेवायचे. प्यायचे सूप आमच्या घरात आले ते धाकटीच्या तापाबरोबर. ताप गेला, सूप राहिले.

परवा रविवारी ते मीच करायला घेतले. कारण, एका समीक्षकांनी माझ्या लेखांवर 'वरवर तरंगणारे लेखन' असा शेरा मारला होता. असा शेरा वाचून बँकेतल्या माणसाने खतावणीत डोके घातले तर बेरीज चुकते. पातेल्यात काही चुकले तर निदान ऑडिट होत नाही.

बटाटा आणि गाजर टाकले. दोघेही मुदत ठेवीसारखे तळाशी जाऊन बसले. वांगे मात्र चालू खाते! पळीने दाबले की खाली, सोडले की वर.

"अहो, सुपात वांगं कोण घालतं?" ही म्हणाली.

"बघ ना, बुडतच नाही!"

"शिजू द्या. आपोआप बसेल खाली."

आम्ही पडलो कॉमर्सवाले. तरीही शाळेतला आर्किमिडीज आठवला. वस्तू आपल्या आकाराच्या पाण्याहून हलकी असेल तर तरंगते. बटाट्यात पिष्ट ठासून भरलेले, म्हणून तो पाण्याहून सुमारे 8 टक्के जड. वांग्याचा गर म्हणजे स्पंज, पेशीपेशींच्या मधे हवा. आच लागली की गर ढिला पडतो, हवा बुडबुड्यांनी निघून जाते आणि तिच्या जागी रस शिरतो.

इकडे पेरणीआधी धानाची समीक्षा होते. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे, बी सोडायचे, तरंगेल ते फेकायचे. धानापुरता हा न्याय चोख आहे, कारण तरंगणारा दाणा आतून रिकामाच असतो. आमचे समीक्षक चुकतात ते इथे, की धानाचा कायदा ते वांग्याला लावतात. शिवाय बुडते ते सगळे खोल असते असेही नाही, वाचकहो. तांदळातला खडाही बुडतोच.

एवढा युक्तिवाद झाल्यावर पोटात गोळा आला. मी वांगे आहे हे ठरवले कोणी? मी पोचट दाणाही असू शकेन! वरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो आचेवर. वांगे रस पिऊन जड होते, टरफल मात्र कितीही उकळा, टरफलच. म्हणजे आमचे सूप वाजायच्या आत थोडे शिजून घेणे आले.

वीसेक मिनिटांनी पाहिले तर वांग्याच्या फोडी निमूट खाली उतरल्या होत्या. मी विजयी मुद्रेने हिच्यापुढे वाटी ठेवली.

पहिला घोट घेऊन ही म्हणाली, "मीठ कमी आहे."

ही समीक्षा मात्र मी मान्य केली.