काळ्या मातीचे स्थिरीकरण आणि 'राख' नावाचा पदार्थ : एक चिकित्सा

दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज विपुल असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरील रस्ता वा फरशी तिच्याबरोबर हलते. या मातीत थोडे सिमेंट व भाताच्या तुसाची किंवा उसाच्या चिपाडाची राख मिसळून तिची ताकद वाढविता येते, असे प्रतिपादन करणारे शोधनिबंध गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. त्यांचा मूळ दावा रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा आहे. सिमेंटची पाण्याशी अभिक्रिया होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड मुक्त होते व राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून बंधक द्रव्य तयार करते. नुसत्या राखेला हे साधत नाही, कारण तीत चुना अत्यल्प असतो.

आक्षेप आहे तो 'राख' हा शब्द ज्या निःशंकपणे वापरला जातो त्याविषयी. तूस जाळल्यावर वजनाच्या सुमारे २० टक्के राख उरते आणि तीत सिलिकेचे प्रमाण बहुधा ८५ टक्क्यांहून अधिक असते. तथापि ही सिलिका क्रियाशील आहे की नाही, हे ज्वलनावर ठरते. साधारणतः ७०० अंश सेल्सिअसच्या आत नियंत्रित ज्वलन झाल्यास ती अस्फटिक राहते. त्याहून बऱ्याच अधिक तापमानात दीर्घकाळ राहिल्यास तिचे स्फटिक बनतात व ती केवळ भर घालणारी भुकटी ठरते. ज्वलन अपुरे राहिले तर न जळलेला कार्बन उरतो आणि पाणी शोषून घेतो. चिपाडाच्या राखेत तर उसाबरोबर आलेली वाळूही असते. रासायनिक पृथक्करणात तीही सिलिका म्हणूनच मोजली जाते. असे असताना 'राख नजीकच्या कारखान्यातून आणली' एवढ्या वाक्यावर पद्धतीचे वर्णन आटोपणाऱ्या निबंधातील 'इष्टतम प्रमाण' हे फार तर त्या पोत्यापुरते खरे असते.

दुसरी उणीव तुलनेची. राख व सिमेंट घातलेल्या मातीची तुलना अनेकदा मूळ मातीशीच केली जाते. तेवढेच सिमेंट घातलेला, परंतु राख नसलेला नमुना नसेल, तर वाढलेल्या ताकदीचे श्रेय राखेला कोणत्या आधारावर द्यावयाचे? चुना घातलेल्या नमुन्याचीही अशीच उपेक्षा होते. वास्तविक अतिचिकण मातीसाठी चुना हा प्रस्थापित उपाय आहे.

चार दिवस भिजविलेल्या नमुन्याची सीबीआर चाचणी आणि ७ व २८ दिवसांची दाबशक्ती यांवर बहुतेक निष्कर्ष उभे असतात. काळ्या मातीची खरी परीक्षा मात्र ऋतुचक्रात होते. भारतीय मानक ४३३२ च्या चौथ्या भागात ओल्या-सुक्या आवर्तनांची चाचणी दिलेली आहे. ती क्वचितच केलेली आढळते. सत्राच्या वेळापत्रकात २८ दिवस बसतात, वर्ष बसत नाही, हे विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासणाऱ्या आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण मग निबंधाच्या अखेरीस ते मिश्रण ग्रामीण रस्त्यांसाठी सुचविताना लेखणी थोडी अडखळावयास हवी होती.