'नॅनो' म्हटलं की कोल्हापूरकराला काय आठवतं?

सिनॉप्सिस लिहिताना एक सोपी वाट असते. परदेशातली प्रश्नावली घ्यायची, मराठीत करायची, दोनेकशे लोकांकडून भरून घ्यायची. 'अन्नातलं नॅनोतंत्रज्ञान आणि लोकांचं मत' हा विषय घेतलात, तर ही वाट बहुधा मायकेल सीग्रिस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासापाशी जाईल. १५३ लोक. निष्कर्ष असा, की नॅनो प्रत्यक्ष खाण्यात असण्यापेक्षा वेष्टनात असलेलं लोकांना जास्त फायद्याचं वाटतं, आणि मत ठरवण्यात विश्वासाचा वाटा मोठा असतो. अभ्यास चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो जसाच्या तसा इथे उचलून आणण्याला.

इथे 'नॅनो' हा कोरा शब्द नाही. आधी टाटांची गाडी आली, मग २०२१ पासून इफ्कोची अर्ध्या लिटरची नॅनो युरियाची बाटली. करवीर-कागलच्या ऊसवाल्याने 'नॅनो अन्न नको' वर खूण केली, तर ती कणाच्या आकाराविरुद्ध की बाटलीविरुद्ध? २०२३ मध्ये कोपनहेगनच्या दोन शास्त्रज्ञांनी 'प्लँट अँड सॉइल' मध्ये नॅनो युरियाच्या दाव्यांमागच्या पुराव्यावर कडक टीका केली. म्हणजे शेतकऱ्याची शंका रास्तही असेल. आणि तुमचा प्रबंध तिची नोंद 'जागृतीचा अभाव' अशी करणार!

जागृतीचंही तसंच. डॅन काहान यांच्या २००९ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात माहिती दिल्यावर लोकांची मतं जवळ आली नाहीत, उलट आपापल्या मूल्यांप्रमाणे फाटत गेली.

आपल्याकडचं उदाहरण बघायचं तर मिठाईवरचा चांदीचा वर्ख. २०१६ च्या नियमात वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत. चांदीच्या घनतेने भागून बघा, जाडी साधारण २७० नॅनोमीटर येते. नॅनोची रूढ मर्यादा शंभरची, म्हणजे वर्ख तिच्या बाहेर, पण फार लांब नाही. या जाडीवरून वाद पेटला नाही. पेटला तो वर्ख जनावराच्या आतड्या-कातड्यात ठेवून कुटतात म्हणून, आणि त्याच नियमाने ते बंद केलं. स्विस चौकटीत हे कुठे बसवणार?

तेव्हा प्रश्नावलीआधी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जा, दहा-बारा जणांशी बोला. पहिल्या प्रश्नात 'नॅनो' शब्द नको. आणि सोपं पडतं म्हणून शिवाजी विद्यापीठातल्या नॅनोसायन्सच्या पोरांकडून फॉर्म भरून घेऊ नका.