लेबल नसलेला शर्ट

रेडीमेड शर्टाच्या आत, बहुधा डाव्या कुशीच्या शिवणीत, एक चिठ्ठी लटकत असते. तिच्यावर पाण्याचं भांडं, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, वर्तुळ अशी चित्रं असतात. ही चित्रलिपी सांभाळणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. शिंप्याकडून शिवून आणलेल्या शर्टाला मात्र अशी चिठ्ठी नसते. कापड एका दुकानातलं, बक्रम दुसरीकडचं, बटणं तिसरीकडची आणि माप आपलं. तो कसा धुवायचा, कुठे वाळवायचा, इस्त्री किती तापवायची, हे त्याच्याकडेच बघून ठरवावं लागतं. म्हणून शिवलेल्या कपड्याचंही रसग्रहण व्हावं असं मला वाटतं. आणि ते उलट बाजूने व्हावं, कारण सुलट बाजू बघणाऱ्यांसाठी असते, उलट बाजू धुणाऱ्यासाठी.

एखादा साधा पांढरा पॉपलीनचा शर्ट घेऊ, गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव किंवा तिरोड्याच्या बाजारात शिवलेला. ह्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. हलकं धान घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा खुळखुळतो, गावोगावी पाहुणे येतात, रात्री नाटकं रंगतात. त्या दिवसांत टेलरकडे ज्याला त्याला मंडईच्या आधी कपडे हवे असतात. त्या घाईतही जुना टेलर कापड हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतो, पाण्यातून काढलं का? विणताना आणि गिरणीत फिनिश करताना सुती धागा ताणलेला असतो. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो आणि कापड आकसतं. शिवण्याआधी ते रात्रभर भिजवून, न पिळता, सावलीत वाळवलं तर हे आकसणं कात्रीच्या आधीच उरकतं. म्हणजे चांगल्या शर्टाचं पहिलं धुणं तो शर्ट होण्यापूर्वीच झालेलं असतं. हा टप्पा वगळला की दोन महिन्यांनी बाह्या मनगटावर चढतात आणि बोल साबणाला लागतो.

आता उलटा केलेला शर्ट बघा. कुशीला आणि खांद्याला कड दुमडून दोन टिपा मारलेल्या असतील, तर कापलेला काठ कुठेच उघडा नाही. आपटण्या-धोपटण्याने दोरे सुटणार नाहीत. नुसतं इंटरलॉक असेल तर ब्रश तिथून लांब ठेवायचा. शिवणीच्या आत जे कापड दाबून ठेवलेलं असतं, ज्याला टेलर मार्जिन म्हणतात, तिथे तर कपड्याची सगळी कुंडली सापडते. मार्जिनचा एक दोरा ओढून, चिमट्यात धरून पेटवावा. कागदासारखा जळून करडी भुकटी उरली तर सूत. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम. सूत-पॉलिएस्टर मिश्रणाचं टेरीकॉट असेल तर जळणंही दिसतं आणि मणीही उरतो. रंग सुटतो का, हेही तिथेच ओला पांढरा फडका दाबून कळतं. चुकून डाग पडलाच तर कुणाला दिसत नाही. मॉलमधल्या शर्टाला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची कड असते. तिथून दोरा काढायला गेलात तर शिवणच हातात येईल. त्याला चिठ्ठी लागते यात नवल नाही.

शर्टात सर्वांत जास्त कसब कॉलरमध्ये ओतलेलं असतं, आणि धुणारे सर्वांत जास्त छळतात तेही कॉलरलाच. वरचा पदर, खालचा पदर, मधे बक्रम. सुती बक्रम न भिजवता घातलं तर पहिल्याच धुण्यात ते आत आकसतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. मग इस्त्रीने कितीही दाबा, कॉलर सुरकुतलेलीच. हल्लीचं चिकटवायचं बक्रम उष्णतेने वरच्या पदराला चिकटतं. ते नीट बसलेलं नसेल तर धुतल्यावर कॉलरवर फुगे येतात. कुठलं बक्रम आहे हे बोटांना कळतं. कॉलर चिमटीत धरून चोळावी. पदर एकमेकांवर सरकले तर शिवलेलं, सगळे मिळून एकदम वाकले तर चिकटवलेलं. शिवलेल्याला गरम पाणी चालतं. चिकटवलेल्याला कोमटाच्या पुढे नेऊ नये.

कॉलरच्या घडीवर जो करडा पट्टा बसतो तो नुसत्या धुळीचा नसतो. त्वचेतून पाझरणारं तेल, मेलेल्या पेशी आणि घाम एकत्र येऊन धाग्यात मुरतात. पॉलिएस्टरला पाण्यापेक्षा तेलाची ओढ जास्त, म्हणून टेरीकॉटच्या कॉलरवर तो हट्टाने ठाण मांडतो. सुती कापड पाणी पितं, त्यातून तो लवकर सुटतो. इथे जोरापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडतो. कॉलर कोमट पाण्यात ओली करायची, साबणाची वडी हलकेच फिरवायची, अर्धा तास तशीच ठेवायची आणि मग मऊ ब्रश घडीच्या दिशेने न्यायचा. ब्रश घडीला आडवा मारला की नेमके तिथलेच धागे तुटतात, आणि ती जागा आधीच मानेला आणि दाढीच्या खुंटांना घासून अर्धमेली झालेली असते. पट्टा दिसत असताना इस्त्री तर मुळीच करू नये. उष्णतेने तो पक्का होतो.

ह्या हळुवारपणामागे एक रोकडं कारण होतं. मास्तर, कारकून, रेल्वेतली माणसं अशा पगारी घरांत कॉलर विरली म्हणून शर्ट टाकण्याची पद्धत नव्हती. टेलर कॉलर पट्टीपासून उसवायचा, उलटवायचा आणि पुन्हा बसवायचा. विरलेली घडी खाली जायची, कोरा पदर वर यायचा, शर्ट आणखी काही वर्षं शाळेत नाहीतर स्टेशनात जायचा. हे जमायचं ते खालचा पदर धड असेल तरच. ज्या घरात कॉलर दगडावर घासून दोन्ही पदरांची चाळण केलेली असे, तिथे टेलर तरी काय उलटवणार? मला तर वाटतं, उलटवलेली कॉलर हे शिवणाऱ्याइतकंच धुणाऱ्याच्या हाताला मिळालेलं प्रशस्तिपत्र होतं. चिकटवलेल्या बक्रमने ही सोय जवळजवळ संपवली, कारण बक्रम ज्या पदराला चिकटलेलं असतं तोच वर शोभतो. उलटवली की दुसरा पदर ढिला पडतो.

आता कांजी. ह्या बाबतीत गोंदियाकराला दुकानात जायची गरज नाही. हा राइस मिलचा जिल्हा. खळ इथे रोज चुलीवर शिजते. साध्या व्यवहारातल्या पिठूळ पदार्थांमध्ये तांदळाच्या खळीचे कण फार बारीक, साधारण ३ ते ८ मायक्रॉनचे. बटाट्याचे त्याच्या कितीतरी पट मोठे. बारीक कण धाग्यांच्या फटींत नीट शिरतात आणि वरून खडबडीत थर दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कंपन्या तांदळाची खळ मुद्दाम तयार करून विकत, ती ह्याच गुणासाठी. पण कुठल्याही तांदळाची पेज चालत नाही. गोंदियाच्या मिलमधून तांदूळ दोन प्रकारचा निघतो, अरवा आणि उसना. उसना म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेलं. वाफवताना दाण्यातली खळ आत घट्ट बसते, म्हणून शिजताना पाण्यात कमी उतरते, आणि त्या पेजेला पिवळसर झाकही असते. पांढऱ्या शर्टाला अरव्याची पेज हवी, त्यातही नव्या तांदळाची. नवा तांदूळ चिकट, त्याची पेज दाट. खाताना ज्या चिकटपणाला नावं ठेवतो, तो शर्टाला मानवतो.

पेज पातळ फडक्यातून दोनदा गाळायची. एक शीत राहिलं तरी वाळल्यावर खिशाजवळ पापुद्रा दिसतो. मग थोडी दाट पेज बाजूला ठेवून बाकीची पाण्यात इतकी पातळ करायची की बोटांना जेमतेम बुळबुळीत लागेल. साबण पुरता निघून गेल्यावर, शेवटच्या पाण्यानंतर शर्ट त्यात बुडवायचा. कॉलर, कफ आणि बटणपट्टी दाट पेजेत, बाकीचा शर्ट त्या पातळ पाण्यात. हा भेद मोलाचा आहे, कारण टेलरने शर्ट तसाच घडवलेला असतो: जिथे बक्रम तिथे ताठपणा, जिथे नुसतं कापड तिथे झोक. सगळा शर्ट एकसारखा कडक केला की ती घडण झाकून जाते. पुढाऱ्यांच्या कपड्यांतली ती करकरीत कांजी मला कधीच आवडली नाही. चालताना कापड अंगाबरोबर हलत नाही, आणि कडक घडीवरच ते आधी तुटतं. कांजीचा खरा फायदा दिखाऊ नाहीच. मळ धाग्याऐवजी खळीच्या थरावर बसतो आणि पुढच्या धुण्यात खळीसकट निघून जातो. वाळलेल्या शर्टावर पाण्याचा हबका मारून, तो गुंडाळून थोडा वेळ ठेवावा आणि दमट असतानाच इस्त्री करावी. मात्र मृग लागायच्या आत, जे कपडे ट्रंकेत जाणार असतील त्यांची खळ धुऊन काढावी. पावसाळ्यात खळीवर बुरशी धरते आणि कसरही तीच खायला येते.

निळीबद्दल थोडक्यात. १८२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे ह्या रसायनज्ञाने कृत्रिम निळा रंग तयार केला आणि पुढे ती निळीची पुडी जगभर पोचली. ती मळ काढत नाही. पिवळटपणावर किंचित निळसर झाक चढवते आणि डोळ्याला पांढरं दिसतं. पुडी थेट टबात टाकली की खांद्यावर निळे ठिपके पडलेच समजा; ती फडक्यात बांधून पाण्यात ढवळावी.

जुन्या शर्टाच्या कॉलरपट्टीच्या आत कधी कधी एक काळी खूण सापडते: दोन टिंबं, एक आडवी रेघ, असं काहीतरी. ती वरठ्याची, म्हणजे परटाची. घरोघरचे कपडे एका भट्टीत पडायचे, त्यांतून कोणता कुणाचा हे ओळखायला प्रत्येक घराची खूण ठरलेली. ती शाई बिब्ब्याची, आणि बिब्बा इथल्याच जंगलातला. त्याचा रस चुन्याबरोबर कापडावर काळा पडतो आणि सोड्याच्या भट्टीलाही दाद देत नाही. कुणाला मात्र तो उततो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर नेमके ह्या खुणांच्या जागी चट्टे उठले, आणि डॉक्टरांनी त्यावर १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. खूण नेहमी अस्तरावर किंवा पट्टीच्या आतल्या थरावर घालणारा वरठी कातडीचीही काळजी घेत होता.

पॉपलीनला जे चालतं ते कोशाला, म्हणजे टसर रेशमाला, चालत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पट्ट्यात ढिवर समाजातली माणसं ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात; त्या टसरचा शर्ट लग्नकार्यासाठी शिवला जातो. सूत ही वनस्पती, तिला सोडा सोसतो. कोसा हे प्रथिन, त्याला तो खातो. म्हणून कोशाला भट्टी नाही, सोडा नाही, ब्लीच तर नाहीच. रिठ्याची टरफलं भिजवून कुस्करावीत, त्या फेसाच्या पाण्यात शर्ट दाबून दाबून धुवावा, पिळू नये, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावं आणि सावलीत वाळवावा. इस्त्री उलट बाजूने. वरून पाणी शिंपडू नये, थेंबांचे डाग राहतात.

पँटमध्ये शिंप्याने भविष्याची तरतूद शर्टापेक्षा उघडपणे केलेली असते. मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना बोटभर जादा कापड, पट्ट्याला तिथेच जोड, म्हणजे पोट सुटलं की कमर सोडता येते. खाली मोरीत, म्हणजे पायाच्या घेरापाशी, दोन-अडीच इंच आत दुमडलेले, मुलगा वाढला की लांबी सोडायला. चांगला टेलर मोरीच्या आत टाचेपाशी एक जाड पट्टीही लावतो. बूट घासतो तो पँटला न लागता तिला लागतो. धुताना खिसे उलटे करून झटकावेत, चेन लावावी, पँट उलटी करावी. वाळत घालताना मोरीकडून टांगावी. वर राहिलेल्या हलक्या भागाला कमरेच्या पट्ट्याचं आणि खिशांचं ओलं वजन खाली ओढतं आणि निम्म्या सुरकुत्या दोरीवरच जातात. टेरीकॉटच्या पँटवर बसण्याच्या जागी आणि गुडघ्यावर जी चकाकी येते, ती बऱ्याचदा इस्त्रीची देणगी. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ पडतं, दाबाने धागे चपटे होतात आणि चपट्या धाग्यांवर उजेड चमकतो. ओला सुती फडका मधे घालून किंवा उलट बाजूने इस्त्री केली तर हे टळतं. एकदा आलेली चकाकी मात्र धुण्याने जात नाही.

ह्या सगळ्या निगराणीची परीक्षा मोरी सोडण्याच्या दिवशी होते. वरचं कापड दोन-तीन वर्षं ऊन, साबण आणि रोवणीचा चिखल खाऊन फिकं झालेलं असतं. दुमडीच्या आतलं मात्र दुकानातून आणलं त्या रंगाचं. जुनी घडी मोडली की घोट्याच्या वर एक रेघ आणि तिच्या खाली गडद पट्टा दिसतो. नेहमी सुलट, भर उन्हात वाळवलेल्या पँटवर तो लांबून ओळखू येतो. उलटी करून सावलीत वाळवलेल्या पँटवर फरक थोडा असतो, दोन धुण्यांत मिसळूनही जातो. रेघ राहिलीच तर टेलर तिच्यावरून त्याच रंगाच्या दोऱ्याची एक टीप मारतो, आणि थोरल्याची पँट धाकट्याला चालते.