राहण्यायोग्य शहर, पण कोणासाठी?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक दिला आहे.)

आजचा विषय 'परदेशी जाताना शहर कसं निवडावं' असा छापला गेलाय. त्यामुळे कोणी 'कॅनडा की जर्मनी' याचं उत्तर लिहून घ्यायला वही घेऊन आलं असेल, तर आधीच सांगते, ते उत्तर मी देणार नाहीये. (हशा) माझं काम समीक्षेचं. आपण कादंबरी वाचतो, कविता वाचतो, तसा आज एक वेगळाच मजकूर वाचू या. 'जगातली सर्वांत राहण्यायोग्य शहरं' ही यादी.

ही यादी दरवर्षी साधारण जूनमध्ये येते. लंडनची इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट ही संस्था ती काढते. १७३ शहरं, १०० पैकी गुण. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं व्हिएन्ना पहिलं होतं, २०२५ मध्ये कोपनहेगन आलं. दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात चौकट येते, व्हॉट्सॲपवर फिरते, आणि घरात कोणी बाहेर जायच्या तयारीत असेल तर त्याला आत्या पाठवते. आपण ती वाचतो कशी? दहावीच्या गुणवत्ता यादीसारखी. पहिला तो हुशार.

पण समीक्षेचा पहिला प्रश्न असतो, हा मजकूर कोणी कोणासाठी लिहिलाय? इथे त्याचं उत्तर लपवलेलंही नाही. कंपन्या आपल्या माणसांना दुसऱ्या देशात पाठवतात, तेव्हा त्यांना 'गैरसोय भत्ता' किती द्यावा, हे ठरवायला हे गुण वापरतात. त्याचा तक्ताच आहे. ८० च्या वर गुण असतील तर भत्त्याची गरज नाही. ७० ते ८० असतील तर पगाराच्या ५ टक्के. मग १०, मग १५, आणि ५० किंवा त्याखाली २० टक्के. मुंबई या यादीत बरीच खाली असते. म्हणजे तिकडून इथे पाठवलेल्या साहेबाला, आपण जिथे जन्मभर राहतो तिथे राहिल्याबद्दल, वर पैसे द्यावेत असं ही यादी सुचवते. (हशा)

म्हणजे या यादीचा वाचक ठरलेला आहे. तो पाठवलेला माणूस आहे. त्याचा व्हिसा कंपनी काढते, घर कंपनी बघते, तीन वर्षांनी तो परत जातो. आणि आपल्यापैकी बहुतेक जण पाठवले जात नाहीत, आपण स्वतः निघतो. हा फरक मनात ठेवा आणि मग यादीचे निकष वाचा.

पाच विभाग आहेत. स्थैर्य २५ टक्के, आरोग्यसेवा २०, संस्कृती आणि पर्यावरण २५, शिक्षण १०, पायाभूत सोयी २०. शिक्षणात तीनच निकष. खाजगी शाळा उपलब्ध आहेत का, खाजगी शाळांचा दर्जा काय, आणि तिसरा सरकारी शिक्षणाचा. तीनातले दोन खाजगी शाळांचे! कारण साहेबाच्या मुलांची फी कंपनी भरते. पुण्याहून स्वतःच्या हिमतीवर गेलेल्या जोडप्याचं मूल जाणार सरकारी शाळेत, तेही तिथली भाषा येत नसताना. संस्कृतीच्या विभागात एक निकष आहे, हवामानाचा 'प्रवाशांना' होणारा त्रास. प्रवाशांना, रहिवाशांना नव्हे. एका शब्दात अख्खी यादी उघडी पडते. आणि महागाई? ती यात धरलेलीच नाही. तिचं वेगळं सर्वेक्षण आहे.

यादी खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. दंगल, चोरी, पाणी, वीज, बस, दवाखाना या गोष्टी सगळ्यांनाच लागतात. यादी फक्त दुसऱ्या कोणाला लिहिलेलं पत्र आहे, आणि आपण ते आपल्या नावावर आलंय असं समजून वाचतोय.

आता तीन वर्षं पहिल्या नंबरवर राहिलेल्या शहराकडे बघू. व्हिएन्नाची कीर्ती घरांसाठी आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या नगरपालिकेने कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. कार्ल-मार्क्स-होफ ही त्यातली गाजलेली वसाहत १९३० साली पुरी झाली. आज सुमारे २ लाख २० हजार घरं पालिकेची आहेत, आणि शहरातले साधारण निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरात राहतात. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीला किती झुंबड उडते ते आठवा, म्हणजे याचं मोल कळेल. पण युरोपबाहेरून नव्याने आलेल्या माणसाला ते पालिकेचं घर लगेच मिळत नाही. आधी काही काळ तिथला नोंदणीकृत रहिवास आणि कायम राहण्याचा हक्क लागतो. तोवर त्याने खाजगी बाजारात भाड्याने राहायचं. नागरिकत्वाला सर्वसाधारण अट १० वर्षांची, काहींना ६. परिणाम असा की मतदानाच्या वयाच्या व्हिएन्नाकरांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना देशाच्या निवडणुकीत मतच नाही. शहर पहिल्या नंबरचं ठरलं होतं, यात शंका नाही. पण ते कोणासाठी पहिलं, आणि किती वर्षांनी, हे गुणांच्या रकान्यात दिसत नाही.

दुसरं उदाहरण मेलबर्न. २०११ ते २०१७ अशी सात वर्षं सलग पहिलं. आपली बरीच मुलं तिथे आहेत. आता इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींना विचारते, मुलाने मेलबर्न निवडलं तेव्हा तुमच्याबद्दलचा नियम त्याने वाचला होता का? आई-वडिलांना कायमचं बोलवायचं तर आधी एक कसोटी आहे. त्यांची निम्मी मुलं तरी, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा जास्त मुलं, ऑस्ट्रेलियात स्थायिक हवीत. एक मेलबर्नला आणि दोन नाशिकला, तर अर्ज बसतच नाही. बसला, तर कमी फीच्या व्हिसाची रांग ३० वर्षांच्या आसपास आहे. पासष्टीच्या आईला ३० वर्षं थांबा म्हणायचं! जास्त फीचा मार्ग आहे, तो माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातो, आणि तिथेही रांग आहेच. तात्पुरत्या व्हिसावर काही वर्षं राहता येतं, हे खरं. पण मुद्दा असा, की आई-वडिलांना जवळ ठेवता येईल का, हा निकष यादीत नाही. साहेबाला तो पडलेलाच नाही ना! आपल्या घरांमध्ये मात्र रात्रीच्या फोनवर दुसरा विषय काय असतो?

तिसरी गोष्ट नोकरी गेली तर काय, ही. अमेरिकेत एच-१बी वर असलेल्या माणसाची नोकरी सुटली, की साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, व्हिसा बदलायचा किंवा देश सोडायचा. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला वर्षाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग फार लांब. पंधरा वर्षं एका शहरात राहिलेला, घर घेतलेला, मुलं तिथल्या शाळेत असलेला माणूससुद्धा या ६० दिवसांच्या दोरीला बांधलेला असू शकतो. उलट जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो. जर्मन बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिन्यांचा हा फरक निव्वळ भाषेचा आहे. भाजीवाल्याशी बोलता यावं म्हणून भाषा शिकावी, असं आपण समजतो. तिथे तिचा संबंध थेट हक्काशी आहे. पगार अमेरिकेत जास्त, हे मान्य. पण दोन्हीकडच्या पगाराची तुलना करताना या दोरीची लांबी आपण मोजत नाही.

मग कोणी म्हणेल, यादी सोडा, आपली माणसं जिथे आहेत तिथे जावं. या दुसऱ्या पद्धतीचं उत्तम उदाहरण गोव्याचं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. त्या पासपोर्टवर, ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर, हजारो गोवेकर इंग्लंडला गेले. बरेच कुठे गेले? लंडनला नव्हे, स्विंडनला. रेल्वेच्या कारखान्यांमुळे वाढलेलं, लंडनच्या पश्चिमेचं एक साधं गाव. १७३ शहरांत ते नाही. पण तिथे गोदामात काम होतं, आणि कोणाचा तरी चुलतभाऊ होता, जो पहिले दोन महिने खोलीत जागा देत होता. कोकणातून आखातात गेलेल्यांचीही हीच रीत. गावातला एक जण कुवेतला गेला की मागून दहा जातात.

ही पद्धत मला यादीपेक्षा जास्त शहाणी वाटते, कारण तिच्यात निदान माणूस आहे. पण तिचीही चिकित्सा करायला हवी. चुलतभाऊ आपल्याला त्याच्याच गोदामात नेतो. पदवी असलेला माणूसही तिथेच खोकी उचलतो, कारण दुसरी वाट दाखवणारं ओळखीत कोणी नसतं. आणि नियम बदलले तर सगळे एकदम अडकतात. २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधला मुक्त संचार संपला, आणि पोर्तुगीज पासपोर्टची तिथली किल्ली नव्याने येणाऱ्यांसाठी चालेनाशी झाली. आधी पोचलेला भाऊ तिथे राहिला, मागचा गोव्यात.

म्हणून मला वाटतं, शहर निवडताना आपली यादी आपणच लिहावी. तिच्यात चार प्रश्न पुरेत. तिथे राहण्याची परवानगी माझ्या हातात आहे की मालकाच्या? माझी पदवी तिथे चालते का, की शून्यापासून सुरुवात? घरातलं कोण माझ्याबरोबर येऊ शकतं, आणि कोण कधीच येऊ शकणार नाही? आणि परत यावंसं वाटलं तर काय घेऊन परतता येईल? या चार प्रश्नांची उत्तरं शहरापेक्षा देशाच्या कायद्यात आणि तुमच्या व्यवसायात सापडतात. शहराचा नंबर त्यानंतर. बस, बागा, हवा, जरूर बघा, पण नंतर.



श्रोत्यांमधून प्रश्न: मॅडम, मी नर्सिंग केलंय. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून घरचे म्हणतायत तिकडे जा. स्टुटगार्ट चांगलं की दुसरं कुठलं शहर?

उत्तर: ताई, तुमच्या बाबतीत शहरापेक्षा रुग्णालय महत्त्वाचं. जर्मनीत परिचारिकेला तिथल्या राज्याची मान्यता लागते, आणि भाषा साधारण बी-२ पर्यंत. आपल्या अभ्यासक्रमात काही कमी निघालं तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. मान्यता येईपर्यंत बहुतेकींना सहायक म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. तेव्हा करार हातात आला की तीन गोष्टी बघा. भाषेच्या वर्गाचा खर्च कोणाचा, मान्यतेची तयारी रुग्णालय करून घेणार का, आणि मध्येच नोकरी सोडली तर पैसे परत मागण्याचं कलम आहे का. ते कलम भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ही तीन उत्तरं चांगली असतील, तर लहानसं गावसुद्धा चालेल. ती वाईट असतील, तर स्टुटगार्टचा उपयोग नाही.