नृत्याचा क्लास आणि नृत्याची शाळा

जिल्ह्याच्या गावातल्या नृत्यवर्गाची पाटी वाचावी. कथक, भरतनाट्यम, बॉलिवूड, हिप-हॉप, झुंबा, साल्सा. नावे एकाखाली एक, आणि शिकवणारा बहुधा एकच. वर्धा याला अपवाद नाही. त्या शिकवणाऱ्याच्या मेहनतीबद्दल शंका नाही. शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नाआधीचे संगीत आणि नवरात्रातला गरबा या तीन हंगामांवर त्याचे भाडे आणि वीजबिल निघते. पण त्यातून झाले असे की, तीन मिनिटांचे गाणे ‘बसवून देणे’ म्हणजेच नृत्य शिकवणे अशी सर्वांची समजूत होऊन बसली आहे.

साल्साचे काय झाले ते पाहा. क्युबा आणि पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या लोकांच्या वस्त्यांत हे नृत्य वाढले. त्याचा हिशेब आठ मात्रांचा, त्यातली चौथी आणि आठवी सहसा मोकळी. गाणे सुरू झाले की समोरच्या अनोळखी माणसाचाही हात धरायचा आणि हाताच्या हलक्या इशाऱ्यांवर नाच तिथल्या तिथे रचत जायचा, हे त्याचे मर्म. टिटो पुएन्टे यांच्या वाद्यवृंदाबरोबर नाचणाऱ्या एडी टोरेस यांनी या नाचातल्या पावलांना नावे दिली, मोजणी ठरवली आणि गल्लीतला नाच वर्गात शिकवता येईल असा केला. आपल्याकडे तो पोचला तो मुख्यतः टीव्हीच्या स्पर्धांमधून. गिरक्या आल्या, मुलीला खांद्यावर उचलणे आले, आणि उत्स्फूर्तता तेवढी गळाली. लहान गावात परक्या मुलामुलींनी हातात हात घेऊन नाचणे अजून पचत नाही, हेही खरेच. मग दोन मुलींची जोडी लावतात किंवा आठ जणांची रांग करतात. उरते ते पाटीवरचे नाव.

बाहेरून आलेले नृत्य परक्या शहरात रुजतच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. कथक पुण्याचे नव्हते. ते लखनौचे, जयपूरचे. तिथल्या दरबारांनी ते पोसले आणि पुढे कोठ्यांनी सांभाळले. अशा नृत्याला मराठी मध्यमवर्गाच्या घरात जागा मिळवून देण्यात रोहिणी भाटे यांचा वाटा फार मोठा. १९२४ मध्ये पाटण्यात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या रोहिणीताईंनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली. घरंदाज मुलीने नाचणे म्हणजे काय, याचे उत्तर तमाशाच्या आठवणीतून दिले जाण्याचा तो काळ. त्या आधी भरतनाट्यम शिकल्या होत्या; कथकाचे पहिले धडे जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडचे. संस्था काढली म्हणून शिकणे थांबले नाही. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोघांकडे त्यांची तालीम वर्षानुवर्षे चालली. गाण्यासाठी त्यांनी केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांचे मार्गदर्शन घेतले.

त्यांचे मोठेपण मला पुरस्कारांत दिसत नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७९ मध्ये मिळाला, पुढे अकादमीची फेलोशिपही मिळाली, ते योग्यच. पण खरे काम तालीमघरातले आणि लिहिण्याच्या टेबलावरचे. आपल्या रचनांना त्या स्वतः संगीत देत. जुने ग्रंथ वाचून ‘कथक दर्पण दीपिका’ सिद्ध केली. नर्तकी इसाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले. दिल्लीच्या कथक केंद्राचा अभ्यासक्रम ठरवण्यात भाग घेतला. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकवले. तुकडा, परण, गतनिकास हे सारे शिष्येच्या अंगात उतरले पाहिजे आणि डोक्यातही पोचले पाहिजे, यासाठी हा खटाटोप. २००८ मध्ये त्या गेल्या. तोवर शमा भाटे यांच्यासारख्या शिष्या स्वतः गुरू झाल्या होत्या. पुण्यात आज कथकाला प्रेक्षक आहे, तो अशा दोन-तीन पिढ्यांनी घडवलेला आहे.

आता पुन्हा वर्धा. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणयोजनेचा अभ्यासक्रम आखला. त्यात हस्तोद्योगाच्या जोडीला चित्रकला होती, संगीत होते. नृत्य हा विषय मात्र नव्हता. तिकडे शांतिनिकेतनात त्याआधीच मुली मणिपुरी शिकत होत्या. गांधीजींच्या वर्ध्यात नृत्याला बाक मिळाला नाही. ती वेळ तशी होती, असे समजून घेता येईल. पण त्यानंतरच्या इतक्या वर्षांचे काय? विदर्भात दंडार, खडी गंमत या लोककला आहेत. आपल्या नृत्यवर्गांना त्यांची ओळखसुद्धा नाही.

शास्त्रीय नृत्याचा आधार उरला तो अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची ही शिडी लहान गावांसाठी मोलाची आहे. ती नसती तर तेवढीही शिस्त नसती. पण परीक्षेपुरते तोडे पाठ होतात, लेहरा मोबाइलवर वाजतो आणि दहावी आली की घुंगरू कपाटात जातात. समोर तबला आणि पढंत यांच्या साथीने नाचण्याची सवय लागायची तरी कुठे? वर्षातून चार बैठका, जिवंत साथ, पन्नास जाणकार प्रेक्षक, एवढे जमवायला मोठे सभागृह लागत नाही. शाळेचा एक वर्ग पुरतो. साल्साच्या शिक्षकांनीही महिन्यातून एक संध्याकाळ नुसते नाचण्यासाठी ठेवावी; स्पर्धा नको, व्हिडिओ नको.

पालकांना एक विनंती. मुलीचे नाव घालताना फीच्या आधी शिक्षकांना दोन गोष्टी विचारा: तुम्ही कुणाकडे शिकलात, आणि अजून कुणाकडे शिकता?