नवोदयला ‘मॅग्नेट स्कूल’ म्हणायचं का? एका सिनॉप्सिसच्या निमित्ताने

पेटची तयारी करणाऱ्या एका मित्राने परवा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय होता, जिल्ह्यातली मॅग्नेट स्कूल म्हणून वसमतचं जवाहर नवोदय विद्यालय. पद्धत सोपी: एका बाजूला नवोदयचा दहावीचा निकाल, दुसऱ्या बाजूला आमच्या आखाडा बाळापूर परिसरातल्या शाळांचा, आणि मध्ये टी-टेस्ट. निष्कर्ष काय येणार हे शेंबडं पोरही सांगेल!

आधी शब्द तपासू. अमेरिकेत १९५४ च्या ब्राऊन खटल्यात शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरली. पण वस्त्याच वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्याच राहिल्या. मुलांना सक्तीने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्याऐवजी १९६८ मध्ये टॅकोमा शहरातल्या मॅक्कार्व्हर शाळेने वेगळी वाट धरली: शाळाच अशी करायची की गोरे पालक आपणहून येतील. पुढे विज्ञान, कला, भाषा असा एखादा खास विषय, हद्दीबाहेरच्यांना प्रवेश, आणि अर्ज जास्त आले तर बऱ्याच ठिकाणी सोडत, असं रूप घडलं. काही मॅग्नेट शाळा परीक्षाही घेतात. पण मुळात ओढायचं ते मिसळण्यासाठी.

नवोदयमध्ये मिसळणं आहेच. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय नववीत काही मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात. म्हणजे मित्राचा शब्द अगदीच चुकीचा नाही. पण दार परीक्षेचं आहे: दोन तास, ८० प्रश्न आणि जास्तीत जास्त ८० जागा. चाळणीतून निवडलेली मुलं दहावीत चमकली, तर श्रेय शाळेचं की चाळणीचं? टी-टेस्ट याचं उत्तर देऊ शकत नाही. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

मग करायचं काय? सोडत असेल तर काम सोपं, कारण नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं सरासरीने सारखीच असतात. परीक्षा असेल तर कटऑफच्या जरा वरची आणि जरा खालची मुलं घ्यायची. ‘द एलिट इल्युजन’ (२०१४) या निबंधात अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी बोस्टन-न्यूयॉर्कच्या प्रवेशपरीक्षेच्या शाळांबाबत हेच केलं. काठावरच्या मुलांच्या पुढच्या गुणांत फारसा फरक दिसला नाही. नवोदयबाबतही तसंच निघेल असं नाही. तिथं वसतिगृह आहे, बरंचसं मोफत आहे. पण मोजल्याशिवाय बोलायचं कसं? आणि कटऑफ सगळ्यांना एकच नसतो, हेही ध्यानात ठेवा.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. १९८६ च्या धोरणात या शाळांकडून आजूबाजूच्या शाळांनाही गती मिळावी, ही अपेक्षा होती. सिनॉप्सिसमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. पाचवीच्या वर्गातली दोन हुशार पोरं गेली, की मागे उरलेल्या वर्गाचं काय होतं? गुरुजींचा हुरूप वाढतो की खचतो? नंबर न लागलेलं पोर सहावीत त्याच बाकावर कसं बसतं? त्यासाठी वसमतला जायचीही गरज नाही, बाळापूरच्याच शाळांमध्ये दोन वर्षं बसावं लागेल.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, “गाईडला विचारून बघतो.”